पश्चिमेच्या भिंतीवर गोधडी टांगली तर एसीचं बिल खरंच कमी होईल का?

उन्हाळी_नागपूर

नमस्कार मंडळी, नागपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आम्ही, पाच मजल्यांची बिल्डिंग, आमचा तिसरा मजला, आणि बेडरूमची एक पूर्ण भिंत पश्चिमेला. साधारण 12 बाय 10 फुटांची भिंत आहे, त्यातच चार बाय चारची सरकती काचेची खिडकी. एप्रिल लागला की दुपारी तीनपासून ऊन थेट काचेवर येतं ते सूर्य मावळेपर्यंत, आणि भिंत रात्री अकरालासुद्धा हाताला गरम लागते. पलंगाची डोक्याची बाजू त्याच भिंतीला आहे, समोर फिक्स कपाट आहे त्यामुळे पलंग फिरवता येत नाही. एसी 21 वर ठेवला तरी डोक्याशी धग येतच राहते, मुलगी रात्री दोनदा उठते, आणि बिल मे महिन्यात 300 युनिटच्या पार जातं म्हणजे वरचा स्लॅब लागतो.

घरमालक बाहेरून रंग, शेड वगैरे काही करू देणार नाहीत, आत पण जास्त भोकं पाडू नका म्हणाले.

आता मुद्दा. माझ्या आईने शिवलेल्या गोधड्या आहेत माझ्याकडे, जुन्या सुती नऊवारी लुगड्यांच्या, चांगल्या पाच-सहा थरांच्या, वरून रंगीत तुकड्यांची चौकटी नक्षी. ट्रंकेत पडून आहेत, इथे कोण पांघरणार. मला वाटलं त्यातली मोठी गोधडी पलंगामागे भिंतीवर लावली तर छान पण दिसेल आणि धग पण अडेल. नवरा म्हणतो कापडाने काय होणार, थर्मल पडदे घेऊ. तर कोणी असं केलंय का? खरंच फरक पडतो का, पडत असेल तर किती, आणि गोधडी खराब न होता टांगायची कशी? आईच्या हातचं आहे म्हणून भीती वाटते.

वऱ्हाडी_माणूस

ताई, गोधडी नंतर पाहा, आधी खिडकीचं करा. आमच्याकडे अकोल्याला आजोबांच्या काळापासून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी असते, दुपारी दोनदा पाणी मारलं की येणारी झुळूक थंड आणि वास तर विचारूच नका. आपल्या भागात मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, कूलर पण त्याच तत्त्वावर चालतो. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वाळ्याच्या ताटीचं कौतुक लिहून ठेवलंय, बांबूच्या चौकटीत वाळा भरून पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा आल्यासारखं होतं अशा अर्थाचं. फक्त एक, एसी चालू असताना ओली ताटी नको, दमट हवा आत येते आणि एसीला ते पाणी काढत बसावं लागतं. एक तर खिडकी उघडून ताटी, नाहीतर खिडकी बंद करून एसी.

वास्तुकार_पुणे

मी आर्किटेक्ट आहे, प्रश्न फार आवडला कारण याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात नाही. लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

कापड स्वतः उष्णता अडवत नाही, कापडात अडकलेली हवा अडवते. स्थिर हवेइतकं स्वस्त इन्सुलेशन जगात नाही. म्हणून एकेरी चादर भिंतीवर लावली तर जवळजवळ शोभाच, पण पाच-सहा थरांची गोधडी, जिच्यात प्रत्येक थरामध्ये थोडी थोडी हवा धरलेली आहे, ती खरोखर काम करते. नऊ इंची विटांची दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत घ्या. तिच्या एका चौरस मीटरमधून आतबाहेर एक अंशाचा फरक असेल तर साधारण 2 वॅट उष्णता आत येते. त्यावर दीड सेंटीमीटर जाडीची भुसभुशीत गोधडी आणि तिच्यामागे थोडी बंदिस्त हवा धरली तर माझ्या हिशोबाने जिथे गोधडी आहे तिथून येणारी उष्णता एक तृतीयांश ते चाळीस टक्के कमी होते. चपटी, धुऊन धुऊन दबलेली असेल तर त्याहून कमी.

पण वऱ्हाडी दादांनी म्हटलं तसं खिडकी आधी, आणि हे मी आकड्यात सांगतो. तुमची खिडकी दीड चौरस मीटर. मे महिन्यात संध्याकाळकडे झुकलेलं ऊन पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास पडतं, साध्या काचेतून त्यातलं पाऊण तरी आत येतं. म्हणजे जवळपास 700 वॅट, घरात एक छोटा हीटर चालू ठेवल्यासारखं. उरलेल्या पूर्ण भिंतीतून येणारी उष्णता याच्या निम्मी-पाऊण असते. एवढीशी खिडकी आख्ख्या भिंतीला भारी पडते.

आता थर्मल पडद्याबद्दल. ऊन एकदा काचेतून आत आलं आणि गडद पडद्यावर पडलं की पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्याची धग काच परत बाहेर जाऊ देत नाही. पडदा खोलीतच आहे ना, मग ती उष्णता खोलीचीच झाली. म्हणून आतला पडदा लावायचाच असेल तर काचेकडची बाजू पांढरी पाहिजे, म्हणजे ऊन उष्णता होण्याआधीच प्रकाश म्हणूनच परत फिरतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे मध्यम रंगाचा, मागे पांढरं प्लास्टिकचं अस्तर असलेला पडदा आत येणारी उष्णता 33 टक्क्यांपर्यंत कमी करतो. एक तृतीयांश वाईट नाही, पण तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर बहुतेक सगळंच थांबतं.

तुम्ही म्हणाल घरमालक बाहेर काही करू देत नाहीत. तुमच्या खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल असणार. सरकती काच बाजूला करून ग्रिलच्या आतल्या बाजूला बांबूची चिक किंवा जाड कापडी पडदा सुतळीने बांधा, मग काच ओढून घ्या. भोक नाही, रंग नाही, आणि तो पडदा काचेच्या बाहेर झाला. कापड घेणार असाल तर पांढरं किंवा फिकट कॅनव्हास, वाऱ्याने फडफडू नये म्हणून खाली एक बांबूची काठी शिवून घ्या. दिसायला पण घरंदाज दिसतं.

आता पैशांचं. गोधडीमुळे थेट वाचणारी वीज फार नाही. भिंतीचा बहुतेक भाग झाकला तर चार-साडेचारशे वॅटमधले दीडशे वॅट वाचले धरा, रोज आठ तास, एसी एका युनिटमध्ये तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो म्हणजे महिन्याला 12-13 युनिट. एवढ्याने तुमचा नवरा मानणार नाही. खरी बचत दुसरीकडे आहे आणि ती मोठी आहे. आपल्या अंगाला फक्त हवेचं तापमान कळत नाही, आजूबाजूच्या भिंती किती तापल्या आहेत तेही कळतं. डोक्याशी 38-40 अंशांची भिंत असेल तर खोलीतली हवा 22 असली तरी तुम्हाला धग लागणार, आणि तुम्ही रिमोट हातात घेऊन अजून खाली जाणार. तीच भिंत गोधडीने झाकली की तिचा खोलीकडचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाच्या बराच जवळ येतो. मग 25-26 वर पंखा लावून आरामात झोप लागते. बीईईचं (केंद्र सरकारचा ऊर्जा बचतीचा विभाग) सांगणं आहे की एसी एक अंश वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते. 21 वरून 25 वर आलात तर वीस-पंचवीस टक्के, आणि तुमच्या बिलात हा 300 च्या खाली येण्याचा प्रश्न असू शकतो.

एक तपासून घ्या, भिंत विटांचीच आहे का? आजकाल पूर्ण काँक्रीट ओतलेल्या भिंती असतात, त्या विटांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने उष्णता आत आणतात, तिथे गोधडीचा फायदा जास्त. आणि हलक्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या सिमेंटच्या विटा) असतील तर भिंतीचं सोडा, सगळं लक्ष खिडकीवर द्या.

उन्हाळी_नागपूर

बापरे, किती नीट समजावलंत दादा, नवऱ्याला पूर्ण वाचून दाखवलं. बिल्डिंग वीस-बावीस वर्षं जुनी आहे, विटांचीच भिंत. ग्रिलची आयडिया तर डोक्यातच आली नव्हती. भिंत रात्री उशिरापर्यंत गरम का राहते पण? ऊन तर साडेसहाला संपतं.

वास्तुकार_पुणे

विटांची जाड भिंत उष्णता हळूहळू आत सोडते, नऊ इंची भिंतीला सहा-सात तास लागतात. दुपारी चारला बाहेरून तापलेली भिंत आतून रात्री दहा-अकराला सगळ्यात गरम असते, नेमकी तुमची झोपायची वेळ. यावरून अजून एक, ज्या घरात एसी नाही आणि रात्री खिडक्या उघडून गार हवा घेतात (नाशिक, पुणे, सातारा) तिथे सगळ्याच भिंती कापडाने झाकायच्या भानगडीत पडू नका. तिथे आतल्या जाड भिंती रात्री गार होऊन दिवसा खोलीला थंडावा देतात, कापड लावलं की तो थंडावा मिळत नाही. तिथे फक्त तापणारी एक भिंत झाकायची.

सोलापूरची_लेक

गोधडीचं नाव वाचलं आणि थांबले. ताई, आधी तुमच्या आईच्या हातांना नमस्कार.

माझं माहेर सोलापूरचं, घरात यंत्रमाग होते, चादरी आणि वॉल हँगिंग दोन्ही निघायचे. एकेकाळी दिवाणखान्यात सोलापूरचं वॉल हँगिंग म्हणजे मान होता, मोर, हत्ती, बैलगाडी, देवदेवता. आर्किटेक्ट दादा म्हणतात ते खरं आहे, नुसतं एकेरी विणलेलं हँगिंग उष्णतेला फार अडवत नाही, पण त्याला मागून जोड देता येते. मी आमच्याकडे असं केलंय की पुढे जॅकार्डची चादर, मध्ये पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेल्या कापसाचा पातळ थर, मागे जुनी धोतरं. म्हणजे भिंतीवरची रजईच. टाके लांब लांब आणि सैल घालायचे, कारण दाट टाके घालून घट्ट केलं की आतली हवा निघून जाते आणि नुसतं वजन उरतं. तुमच्या गोधडीचे टाके दाट असतील तर तिला हात लावू नका, तिच्यामागे दुसरी भर द्या.

भर म्हणून सगळ्यात उत्तम घोंगडी. खरी, धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची. अंगाला टोचते म्हणून आता कोणी घेत नाही, आणि लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात हे बघून फार वाईट वाटतं. भिंतीला काय टोचणार आहे! राठ आणि कुरळी लोकर आहे ती, भरपूर हवा धरते, शिवाय सुतासारखा भपकन पेट घेत नाही. जेन मिळालं तर आणखी चांगलं, म्हणजे न विणता लोकर दाबून लाटून केलेलं जाड अंथरूण, आमच्याकडे आणि कर्नाटकात करायचे, आता करणारी घरं फार थोडी उरलीत. मागे जेन, पुढे तुमच्या आईची गोधडी. एकच लक्षात ठेवा, लोकरीला कसर लागते, त्यामुळे महिन्यातून एकदा काढून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायची आणि झटकायची, ठेवताना वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला.

आणि कृपा करून विकत घेणार असाल तर विणकराकडून घ्या, छापील पॉलिस्टर नको. पॉलिस्टर आग लागली तर वितळून ठिबकतं.

देवरुखकर

फक्त एक गोष्ट कोकण आणि मुंबईवाल्यांसाठी, हा धागा वाचून कोणी लगेच भिंतीवर गोधड्या लावायला जाऊ नका. आमच्याकडे पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाची झड खाणारी भिंत. जूनमध्ये ती ओल धरते, वर कापड टांगलं की मागे वारा लागत नाही आणि पंधरा दिवसांत काळी बुरशी. ती बुरशी श्वासात जाते, दम्याच्या माणसाला फार त्रास. आमच्याकडे कापड लावायचंच तर भिंतीपासून दोन बोटं सुटं, खाली-वर मोकळं, आणि मृग लागायच्या आत उतरवून ठेवायचं. नागपूरला कोरडं आहे म्हणून मे मध्ये चालेल, पण पावसाळ्यात ताई तुम्ही पण काढा.

ग्लासगोत_राहणारा

मी उलट्या टोकाला आहे, थंडी अडवायचा प्रश्न, पण तत्त्व अगदी तेच म्हणून लिहितो. आम्ही दगडी जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो, उंच खिडक्या, एकेरी काच. इमारत जुनी आणि जतन केलेली असल्यामुळे काचा बदलायला परवानगी लागते, म्हणजे तुमच्यासारखंच, हात बांधलेले.

इथे ग्लासगो कॅलेडोनियन युनिव्हर्सिटीने हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी जुन्या खिडक्यांची मोजणी केली होती, अहवाल 2008 चा. एकेरी काचेच्या खिडकीतून जाणारी उष्णता जाड पडद्याने 14 टक्के कमी झाली, आणि लाकडी शटरने 51 टक्के. पडद्याचा आकडा एवढा कमी कसा असं वाटेल, पण बऱ्याच पडद्यांचं दुखणं कापडात नसतं, फटीत असतं. काचेजवळची हवा गार होऊन खाली सरकते आणि पडद्याच्या खालून खोलीत येते, तिची जागा घ्यायला वरून गरम हवा पडद्यामागे शिरते, आणि हे रात्रभर चक्र चालू. ते तोडायचं असेल तर पडदा वर पेलमेटने (रॉडवरच्या झाकणपट्टीने) झाकलेला, दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकलेला आणि खाली जमिनीला किंवा खिडकीच्या कट्ट्याला लागलेला पाहिजे. मी बाजूला वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या आणि पडद्यामागे बायकोच्या जुन्या सुती साड्यांचं दुहेरी अस्तर शिवलं, खिडकीजवळच्या खुर्चीत आता बसवतं. इथे खिडकीखालीच रेडिएटर असतो, लांब पडदा त्याच्यावरून सोडला की सगळी उष्णता पडद्याच्या मागे काचेला मिळते, म्हणून थंड देशात राहणाऱ्यांनी पडदा रेडिएटरच्या मागेच थांबेल असा शिवावा.

दाराला पण पडदा लावा. आमच्या मुख्य दाराखालून इतका गार झोत यायचा की पायमोजे घालून बसावं लागायचं. दाराच्या आतून जाड पडदा आणि खाली जुन्या जीन्सच्या नळीत चिंध्या भरून ठेवली, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाणवलेला फरक.

सजावटीचं म्हणाल तर इथल्या राजांनी हेच केलंय. स्टर्लिंगच्या किल्ल्यात राजवाड्याच्या दालनात युनिकॉर्नच्या शिकारीचे विणलेले भव्य पट टांगले आहेत, जुन्या नमुन्यावरून हातमागावर नव्याने विणायचं काम 2001 ला सुरू झालं आणि दशकाहून जास्त चाललं. श्रीमंती दाखवायचा हेतू मोठा होताच, पण दगडी भिंतीच्या गारव्यापुढे लोकरीचा पट असला की त्या खोलीत बसणं सुसह्य होतं.

देवरुखकरांचा बुरशीचा मुद्दा थंड देशात दुप्पट खरा आहे. बाहेरची भिंत कापडाने झाकली की भिंत स्वतः आणखी गार पडते, स्वयंपाकाची आणि अंघोळीची वाफ कापडातून मागे जाते आणि तिथे पाणी धरतं. आम्ही फक्त कोरड्या भिंतीवर लावतो, आठवड्यातून एकदा मागे हात घालून ओल बघतो, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू.

उन्हाळी_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिलला पांढरा कॅनव्हास बांधून झाला, नवऱ्यानेच बांधला. दुपारी खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा काच हाताला चटका देत नाहीये. आता भिंतीकडे वळते. घोंगडी आणायला सासरे सांगलीला फोन करून राहिलेत, तिथे त्यांच्या ओळखीचे विणकर आहेत.

आता फक्त टांगायचं सांगा. गोधडी सात बाय पाच फुटांची आहे आणि चांगली जड आहे. क्लिपा लावल्या तर जुनं कापड फाटेल असं वाटतं. आणि पलंगाच्या बाजूलाच स्विचबोर्ड आहे.

सोलापूरची_लेक

क्लिपा नको, खिळे तर मुळीच नको, दोन ठिकाणी सगळा भार आला की नऊवारीचं जुनं सूत तिथूनच विरतं. मागच्या बाजूला वरच्या काठाला पूर्ण रुंदीभर चार इंचांचा नेफा शिवा, नव्या मांजरपाटाचा, परकराला असतो तसा. टाका गोधडीच्या सगळ्या थरांतून घ्या, नुसत्या मागच्या थरातून नको. गोधडीच्या मागे घोंगडी येणार असेल तर तिला वेगळा नेफा आणि वेगळी काठी द्या, एकमेकींना शिवू नका, म्हणजे लोकर वेगळी वाळवता येते आणि तुमच्या आईच्या कामावर एकही जादा टाका पडत नाही. नेफ्यातून पडद्याचा रॉड किंवा सरळ बांबू घालायचा, भार सगळीकडे सारखा पडतो. सात फुटांच्या रॉडला मध्ये एक आधार द्या नाहीतर वाकतो. घरमालकांना तीन भोकांची परवानगी विचारा, सोडताना पुट्टीने बुजवून देऊ म्हणा, ऐकतात. ऐकलेच नाहीत तर कपड्यांचे दोन उभे स्टँड पलंगाच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर बांबू आडवा टाका, पाय मात्र पलंगाच्या मागे अडकवून पक्के करा, लेकरू ओढेल.

रोजच्या उन्हात रंग उडतात, पण तुमची गोधडी भिंतीच्या आतल्या बाजूला आहे, खिडकीचं ऊन आता कॅनव्हासने थांबलंय त्यामुळे रंगांची काळजी नको. धुवायची असेल तर टांगायच्या आधी धुऊन पूर्ण वाळवा, ओली गोधडी काठीवर टाकू नका, पाण्याच्या वजनानेच टाके तुटतात.

वास्तुकार_पुणे

स्विचबोर्डपासून दीड फूट तरी लांब ठेवा आणि त्या बोर्डावर गीझर, इस्त्री असलं जड काही लावू नका. देवघराची समई त्या खोलीत असेल तर ती दुसरीकडे हलवा. गोधडी छताला टेकेपर्यंत नेऊ नका, एसीचा झोत तिच्यावर आदळेल अशी जागा पण टाळा. डोक्याच्या उंचीपासून खाली पलंगाच्या गादीपर्यंतचा भाग झाकला गेला पाहिजे, धग तिथेच लागते, त्यामुळे सात फूट आडवी आणि पाच फूट उभी अशीच लावा. लावल्यावर पहिल्या रात्री एसी 24 वर आणि पंखा दोनवर ठेवून बघा, आणि मीटरचं रीडिंग रोज एकाच वेळी लिहून ठेवा, इथे टाका नक्की.

उन्हाळी_नागपूर

बोर्ड दोन फुटांवर येतो, मोजलं आत्ता. मांजरपाट उद्या इतवारीतून आणते, नेफा हातानेच शिवणार. रीडिंग आजपासूनच लिहायला घेते, म्हणजे गोधडी लावायच्या आधीचे पण आकडे राहतील.